महबूब तांडेलाची उलाळ गाडी

महबूब तांडेल भित्रा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर कुणी म्हणायला नको की लपवून ठेवलं. कुवेतच्या खैतान वस्तीतल्या खोलीतून निघताना तो कुलूप तीनदा ओढून पाही आणि गल्लीच्या टोकाला पोचला की चौथ्यांदा ओढायला परत येई. गाडी सुरू करण्याआधी चारी चाकांना पायाने ठोके, पेट्रोलच्या टाकीचं झाकण हुंगे, मग ‘बिस्मिल्ला’ म्हणून किल्ली फिरवी. त्याच्या खोलीत राहणारा बदरुद्दीन श्रीवर्धनकडचा, शुवैखच्या एका गॅरेजात मिस्त्री. तो म्हणे, “महबूबभाय, तुमी कबरीत उतरताना पण आदी माती ठोकून बगाल.”

पण भित्र्या ड्रायव्हरचा एक फायदा असतो. दहा वर्षांत महबूबच्या हातून गाडीवर साधा ओरखडा उठला नव्हता. शर्कमधले त्याचे शेठ, ज्यांना सगळे बू हमद म्हणत, म्हणजे हमदचा बाप, ते मोठे धडाडीचे व्यापारी. लाकूड, सिमेंट, लोखंड, जे कुवेतच्या नव्या इमारतींना लागेल ते विकत. स्वतः चालवायला बसले की आठवड्यात एक मडगार्ड चेपवत, आणि तरी ड्रायव्हर मात्र घाबरट हवा, एवढं शहाणपण त्यांच्यापाशी होतं.

महबूबचा खरा दोष भित्रेपणा नव्हताच. खरा दोष हा, की ‘मला येत नाही’ हे तीन शब्द त्याच्या तोंडून निघत नसत. बाणकोटचा हा खलाशी कुवेतला उतरला तेव्हा कुणीतरी विचारलं, गाडी चालवता येते? तो म्हणाला, होईल. मग महिनाभर पहाटे उठून एका ओळखीच्या लॉरीवर घाम गाळून शिकला. अरबी बोलता येते? होईल. जनरेटर दुरुस्त करता येतो? होईल. पोटासाठी आलेल्या माणसाला ‘नाही’ परवडत नाही हे कबूल. पण प्रत्येक ‘होईल’मागे त्याच्या किती रात्री खराब झाल्या, त्याचा हिशोब एकट्या बदरुद्दीनला माहीत.

तर १९६२ सालची गोष्ट. रमजान मार्चच्या सुरुवातीला संपत होता. पाऊस बरा झाला होता, वाळवंटावर हिरवी लव आली होती आणि शहरातली जुनी घराणी दर वसंतासारखी तंबू टाकायला निघायच्या तयारीत होती. बू हमदच्या घरी मात्र गोची झाली होती. त्यांच्या आईचं, जिला घरचे-दारचे सगळे ‘यम्मा’ म्हणत, मागच्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं होतं. हाड कसंबसं जुळलं, पण तासभरसुद्धा ताठ बसवेना. मोटारीत बसून चाळीस मैल जाणं अशक्य. आणि म्हातारी तर हटून बसलेली: “या वर्षी मला वाळवंट दाखवलं नाहीत, तर पुढच्या वर्षी दाखवायला मी नसेन.”

बू हमदनी तेल कंपनीच्या वसाहतीत कुणा अमेरिकन इंजिनियराचं चाकांवरचं घर पाहिलं होतं. मोटारीच्या मागे जोडायचं, आत पलंग, चूल, पाण्याची टाकी. त्यांनी तसलंच एक ट्रेलर-घर मागवलं. अॅल्युमिनियमचं, पालथ्या घातलेल्या टोपासारखं चकचकीत. खाली मधोमध दोनच चाकं, पुढे लोखंडी दांडी. मागच्या बाजूला रुंद खिडकी आणि तिच्याशी मोठा पलंग. पुढच्या बाजूला टेबल, जे खाली पाडलं की त्याचाही पलंग होई. अर्धं शर्क ते बघायला लोटलं.

“महबूब,” बू हमद म्हणाले, “तू दर्यातला माणूस. एका नावेने दुसरी नाव ओढली असशील ना?”

“ओढलीय शेठ.”

“मग यम्माला आत निजवून हे ओढशील?”

महबूबने त्या दोन चाकांकडे पाहिलं. येत नाही, असं सांगायचं होतं. पण तोंडातून निघालं ते नेहमीचंच: “होईल, इन्शाअल्ला.”

आणि त्या क्षणापासून त्याचा जीव टांगणीला लागला. म्हातारी त्या डब्यात असणार, डबा त्याच्या मागे असणार, आणि मागचं माणूस जिवंत पोचवायचं ते त्यानेच. ईदनंतर आठव्या दिवशी निघायचं ठरलं होतं.

पहिला पेच गाडीचा. अंगणात तीन गाड्या होत्या. शेपटाला माशासारखे पर असलेली बू हमदची लांबलचक अमेरिकन मोटार, वखारीची लॉरी, आणि एक जुना पिकअप, ज्याला कुवेती लोक ‘वानेत’ म्हणतात. बू हमदना अर्थातच आपली परांची मोटार जोडायची होती. चांदीचं घर आणि निळी मोटार, बघणाऱ्यांचे डोळे दिपले पाहिजेत.

शेठला तोंडावर नाही म्हणणं महबूबच्या रक्तात नव्हतं. त्याने युक्ती केली. वखारीतले चार हमाल बोलावून मोटारीच्या डिकीवर बसवले. मोटारीचा मागचा भाग पार बसला, पुढचा उचलला गेला आणि दोन्ही दिवे आकाशाकडे बघू लागले.

“शेठ, पुढची चाकं अशी हलकी झाली की मी चाक फिरवीन इकडे आणि गाडी जाईल तिकडे.”

बू हमद हिरमुसले, पण समजले. लॉरी त्यांनी स्वतःच बाद केली. तिचे स्प्रिंगचे पाटे इतके कडक की रिकामी असली की खड्ड्यागणिक उसळी घेई, आणि तो हिसका दांडीतून थेट म्हातारीच्या खुब्यात गेला असता. राहिला वानेत. रंग उडालेला, पण सांगाडा मजबूत आणि इंजिन इमानी.

पुढचे आठ दिवस बदरुद्दीनने आपल्या गॅरेजात वानेत सोलून काढला. वखारीच्या लोहाराने जोडणीचा लोखंडी गोळा मागच्या बंपरलाच बसवून दिला होता. बदरुद्दीनने तो उपटून फेकला. “बंपर म्हंजे लुगड्याचा काठ. काठ धरून कोण माणूस ओढतंय?” त्याने चासीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, दोन्ही दांड्यांना जाड पट्टी मारली, आठ बोल्ट आवळले आणि त्यावर गोळा बसवला. जोडणी सुटलीच तर म्हणून दोन साखळ्या, दांडीखाली एकमेकींवरून तिरप्या घेतलेल्या. ब्रेकचे लायनर नवे. रेडिएटर धुतला. ट्रेलरच्या कडेने मागचं दिसावं म्हणून हातभर लांब लोखंडी सळयांवर आरसे. म्हातारीने हाक मारली तर कळावं म्हणून ट्रेलरमध्ये एक बटण आणि पिकअपमध्ये घंटा. एकच गोष्ट जमली नाही. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक होते, पण ते विजेवर चालणारे, आणि वानेतच्या बॅटरीशी त्यांचा मेळ बसेना. म्हणजे पुढच्या गाडीच्या ब्रेकवरच दोघींनी थांबायचं.

“हळू जावा म्हंजे झाला,” बदरुद्दीन म्हणाला.

हळू जा, हे महबूबला सांगावं लागत नव्हतं. त्याची भूक मेली होती. डोळा लागला की डबा उलटताना दिसे.

मग सामान भरायची वेळ आली. आणि इथे, जिथे त्याला सगळं येतं अशी त्याची खात्री होती, नेमकं तिथेच तो चुकला.

सांगतो का ते. महबूब एकोणीस वर्षांचा असताना त्याच्या बापाची फत्तेमारी, शिडाची मालवाहू नाव, मंगळुरी कौलं घेऊन बाणकोटला येत होती. माल भरून घेण्याचं काम महबूबवर. मागचा भाग भरून गेला आणि शेवटची दोनशे कौलं उरली. ती त्याने नाळेत, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाशी, रचून टाकली. पुन्हा सगळं उपसून मागे कोण लावणार? जयगडच्या पुढे दर्याने उठाव घेतला. पुढून जड झालेली नाव लाटेवर चढेना, लाटेत घुसू लागली. तिसऱ्या लाटेत नाळ पाण्याखाली गेली ती बराच वेळ वर आली नाही, आणि आली तेव्हा नाळेशी दोर आवळत असलेला त्याचा थोरला भाऊ यूसुफ तिथे नव्हता. बापाने महबूबला कधी बोल लावला नाही. फक्त एकदा जेवताना, ताटाकडे बघत म्हणाला, “नाळ हलकी ठेवाया हवी होती.” त्या दिवसापासून महबूबने दर्या सोडला. आणि पुढे काही जड ठेवलेलं दिसलं की आजही तो ते उचलून मागे नेई.

तेव्हा पाण्याची मोठी टाकी त्याने ट्रेलरच्या अगदी मागे लावून घेतली. यम्माची सागवानी पेटी, जी दोघांना जेमतेम हलत होती, तीही मागे. तांदळाची पोती, रॉकेलचे डबे, गालिचे, सगळं मागे. दांडी इतकी हलकी झाली की एका हाताने उचलता येई. पिकअपच्या पाठीवर भारच पडेना. अठ्ठावीस रमजानच्या रात्री त्याला पहिल्यांदा पोटभर जेवण गेलं.

ईदच्या दुसऱ्या दिवशी तो आणि बदरुद्दीन चाचणीला निघाले. यम्मा अर्थातच नव्हती. मीना अब्दुल्लाकडे जाणारा डांबरी रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना सपाट वाळू. वीस मैलांच्या वेगाला सगळं गोड. तिसाला ट्रेलरने शेपूट हलकेच हलवलं. महबूबने चाक घट्ट धरलं. चाळीसला जाऊन बघू, बदरुद्दीन म्हणाला, कारण ठरवून हळू गेलं तरी उतारावर वेग वाढणारच. अडतीसला ट्रेलर डावीकडे गेला, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि दर फेरीला आधीपेक्षा जास्त. आता पिकअप ट्रेलरला ओढत नव्हता. ट्रेलरच पिकअपला कुत्र्याने उंदीर झटकावा तसा झटकत होता. महबूबच्या हातातलं चाक हलकं, निर्जीव झालं. त्याने ब्रेक मारला आणि ते आणखी भडकलं. आरशात कधी चकचकीत पत्रा, कधी नुसतं आभाळ. मग दोन्ही गाड्या रस्ता सोडून वाळूत शिरल्या, एक चाक उचललं गेलं, क्षणभर तसंच राहिलं, आणि धप्पकन खाली आलं.

धूळ बसली. दोघंही शाबूत. ट्रेलरही उभा. आत मात्र मागच्या पलंगावर, बरोबर जिथे यम्माची उशी येणार होती तिथे, सागवानी पेटी चढून बसली होती.

महबूबने ती पाहिली आणि रस्त्याच्या कडेला बसून ओकला.

बदरुद्दीन बराच वेळ ट्रेलरभोवती फिरला. मग दांडी सोडवून त्याने एका हाताने उचलली आणि खाली ठेवली. पुन्हा उचलली. “महबूबभाय, माजा बाप म्हसळ्याला बैलगाडी हाकायचा. ही तर उलाळ गाडी हाय.”

गाडी मागून जड झाली की जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवर भार राहत नाही आणि गाडी मनाला येईल तशी झुलते. शेतकऱ्याचं पोर हे चालायला लागायच्या आधी शिकतं. मानेवर थोडा भार हवाच, तरच गाडी बैलांच्या मागे मुकाट येते. पण महबूबच्या सात पिढ्यांत कुणी बैल पाळला नव्हता.

“वजन फुडं घ्याया लागंल,” बदरुद्दीन म्हणाला.

“फुडं नाय,” महबूब ओरडलाच. “फुडं मी काय पण ठेवनार नाय.”

“ही नाव नाय, महबूबभाय.”

महबूबने दांडी स्वतः उचलून पाहिली. ज्या एका धड्यासाठी त्याने सख्खा भाऊ मोजला होता, तोच धडा त्याला इथे दुसरा जीव घ्यायला लावत होता. हे त्याला आता कळलं.

कुणी काही पाहिलं नव्हतं. वाळू झटकली, पेटी जागेवर ठेवली की अळीमिळी गुपचिळी. बदरुद्दीनने तसं सुचवलंसुद्धा: आपण गुपचूप वजन बदलू, शेठला काय कळतंय. पण वजन बदलायचं म्हणजे यम्माचा पलंगही बदलायला हवा होता. मागच्या पलंगावर तिला, तिच्या पेटीला आणि तिची देखभाल करायला सोबत बसणाऱ्या रबियाला ठेवून भागणार नव्हतं. म्हणजे सांगणं आलं. आणि खरं सांगायचं तर, महबूबला आता ‘होईल’ म्हणायची ताकदच उरली नव्हती.

त्या संध्याकाळी बू हमद आईच्या खाटेशी बसले होते. महबूब दारात उभा राहिला, चप्पल काढली आणि एका दमात सगळं बोलून गेला. डबा उलटता उलटता वाचला. वजन त्याने चुकीचं लावलं. यम्माचा पलंग बदलावा लागेल. आणि शेवटी, जमिनीकडे बघत, “शेठ, हे काम मला येत नाही. मी खोटं बोललो होतो. चार दिवस जास्त द्या, मी शिकतो. नाहीतर दुसरा माणूस बघा.”

बू हमदचा चेहरा लाल झाला. सगळ्या शर्कला त्यांनी दिवस सांगून ठेवला होता. “दहा वर्षं तू मला होईल म्हणत आलास. त्यातलं खरं किती होतं?”

“म्हणताना एकही नव्हतं, शेठ.”

खाटेवरून यम्माचा आवाज आला. “माझ्या पलंगाचं काय म्हणालास?”

महबूबने सांगितलं की तिला पुढे, टेबल पाडून केलेल्या पलंगावर निजावं लागेल.

“मी नाखुदाची बायको आहे,” म्हातारी ताडकन म्हणाली. “नाखुदाची जागा मागे. पुढे कोण झोपतं? खलाशी, आचारी आणि बोकड.”

तिचंही खरं होतं. मोठ्या गलबतांवर नाखुदाची, म्हणजे कप्तानाची, मानाची जागा मागेच असते, हे खलाशाच्या पोराला काय सांगायचं. दुसरं कुणी असतं तर महबूब मान हलवून मागे फिरला असता. पण त्या दिवशी सुरुवातच उलटी झाली होती. तो उंबऱ्यावर बसला आणि त्याने यूसुफचं सांगितलं. कौलं, जयगड, तिसरी लाट. अरबीत ते शब्द त्याला नीट येत नव्हते, म्हणून हातांनी दाखवत सांगितलं. “मलाही पुढे कुणाला ठेववत नाही, यम्मा. पण हे जमिनीवर उलटं आहे.”

“तुला भीती वाटते?” म्हातारीने विचारलं.

“वाटते. फार वाटते.”

यम्मा मुलाकडे वळून म्हणाली, “माझी गादी पुढे लावायला सांग. आणि याला चार नाही, सहा दिवस दे.”

का, ते तिने सांगितलं नाही.

हातातले आणि वाढवून मिळालेले असे सगळे दिवस महबूबने सत्कारणी लावले. टाकी पुढे आणली, पेटी पुढे. ती पेटी पुढे सरकवताना तो हाताहाताला थांबून दांडीकडे बघे. बदरुद्दीन म्हणाला तुमी बाहेर बसा, पण तो बाहेर बसला नाही. पोती चाकांवर, मधोमध. दांडी आता एका माणसाला उचलेना, दोघांना उचले. बैलगाडीचा हाच अंदाज, बदरुद्दीन म्हणाला. पण त्या भाराने वानेतची पाठ बसली आणि आता त्याचे दिवे आभाळ बघू लागले. मग मागच्या पाट्यांत दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा चढवला, तेव्हा गाडी समतल झाली. यम्माच्या वजनाइतका तांदूळ तिच्या गादीवर आणि रबियाच्या वजनाइतका तिच्या जागेवर ठेवून महबूबने तीनदा मीना अब्दुल्लापर्यंत फेरी मारली. पंचवीस, तीस, पस्तीस. ट्रेलर मुकाट मागून आला. महबूबला तरी भरवसा वाटेना. तांदळाला काही होत नाही, तो म्हणे.

निघायचा दिवस. बू हमद आपल्या परांच्या मोटारीतून बायकामुलांना घेऊन पुढे गेले. यम्माला चौघांनी उचलून आत नेलं. महबूबने साखळ्या ओढल्या, बोल्ट पाहिले, चाकं ठोकली, मग साखळ्या पुन्हा ओढल्या. शेजारी बसलेला बदरुद्दीन त्या दिवशी एकदाही हसला नाही.

पंचवीस मैलांचा वेग. त्याच्यावर एक मैलही नाही. घाम मानेवरून उतरत होता आणि तो पुसायला चाकावरचा हात काढायची हिंमत नव्हती. फहाहीलच्या अलीकडे घंटा वाजली. ब्रेक नाही, ब्रेक नाही, असं स्वतःलाच बजावत त्याने पाय नुसता उचलला, गाडी आपोआप मंदावू दिली, कडेला घेतली आणि धावत मागे गेला.

यम्मा उशीला टेकून बघत होती. “का थांबलास? ही वाजते की नाही ते बघत होते.”

मीना अब्दुल्ला जवळ आलं तशी रिफायनरीची धुराडी दिसू लागली, आणि समोरून टँकर येऊ लागले. पहिला टँकर गेला तेव्हा वाऱ्याचा लोट ट्रेलरच्या अंगावर आपटला. ट्रेलर हलला. एकदाच. महबूबने श्वास रोखला. डावीकडे... आता उजवीकडे जाईल... पण तो उजवीकडे गेला नाही. जागेवर आला आणि मागून चालू लागला. दुसरा टँकर. तिसरा. बदरुद्दीन ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होता. महबूबला दुआसुद्धा आठवेना. त्याला फक्त दर टँकरनंतर आरशात तो चकचकीत पत्रा सरळ दिसायला हवा होता.

डांबर संपलं. टायरांतली हवा कमी करून शेवटचे तीन मैल वाळूतून चालण्याच्या वेगाने काटले. तंबू दिसले. बू हमद हात हलवत धावत आले. महबूबने इंजिन बंद केलं, आणि तेव्हा त्याला कळलं की त्याची बोटं चाकावरून सुटत नाहीत. बदरुद्दीनने ती एकेक करून सोडवली.

यम्माला बाहेर आणून तंबूच्या सावलीत, गालिच्यांवर निजवलं. सगळीकडे हिरवी लव, मध्ये पिवळी फुलं. नातवंडं आली, शेजारचे तंबूवाले आले, चकचकीत घराभोवती गर्दी झाली. बू हमद सगळ्यांना सांगत होते की वानेतची निवड त्यांचीच. गर्दी पांगल्यावर म्हातारीने महबूबला बोलावलं आणि जवळ बसवून घेतलं.

“तुला वाटतं मला भीती वाटली नाही?” ती म्हणाली. “पुढच्या खिडकीतून प्रत्येक टँकर माझ्याच अंगावर येत होता. रबियाचा हात मी काळानिळा केलाय.”

“मग घंटा वाजवायची, यम्मा. मी थांबलो असतो.”

“थांबला असतास. म्हणून वाजवली नाही.” तिने मान दर्याच्या बाजूला वळवली. “माझा नवरा त्या वर्षी मलबारला उशिरा निघाला. मोसम गेला होता. मी दारात विचारलं, या दिवसांतला दर्या तुला माहीत आहे? म्हणाला, माहीत आहे. खोटं बोलताना तो डोक्यावरचा रुमाल नीट करायचा. त्या दिवशी त्याने दोनदा नीट केला. मी पाहिलं, खजुराची पिशवी त्याच्या हातात दिली, आणि बाजूला झाले. तो परत आला नाही. हमदचा बाप तेव्हा सहा वर्षांचा होता.”

महबूबने गालिच्यावर आलेली वाळू हाताने झटकली.

“येत नाही, एवढं तो म्हणाला असता तर मी दार अडवलं असतं. आयुष्यभर मला वाटत राहिलं, पुरुषाच्या तोंडून हे शब्द निघतच नसावेत. मग तू उंबऱ्यावर येऊन म्हणालास.” तिने आपला सुरकुतलेला हात त्याच्या डोक्यावर ठेवला. “म्हणून मी पुढे झोपले.”

महबूबच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्याने ते पुसलंही नाही. मग तो म्हणाला, “यम्मा, एक सांगायचं राहिलं.”

“काय?”

“परत जाताना पुढची टाकी रिकामी असणार. म्हणजे गाडी पुन्हा उलाळ होणार. तेव्हा वजन कसं लावायचं, ते मला अजून येत नाही.”

म्हातारी हसली. खुब्यात कळ आली तरी हसत राहिली. “मग शीक,” ती म्हणाली. “परत जायला तीन आठवडे आहेत.”

महबूब उठला आणि ट्रेलरच्या चाकांखाली दगड लावायला गेला.